न वाढलेला कण

"या ग्लासात काय आहे?"

"पाणी!" चारशे जण एका सुरात ओरडले.

"नीट बघा. आणखी काही?"

"काही नाही!"

गुरुजींनी अंगावरच्या भगव्या वस्त्राची कड खांद्यावर टाकली, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि हळूच वर काढली. चिमटीत द्राक्षाएवढा, काचेसारखा लखलखीत मणी! सभागृहात 'साधु, साधु'चा गजर झाला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"तथागत बुद्धांच्या चितेतला धातुकण, त्यांच्या अस्थींचा अंश आहे हा!" गुरुजींचा आवाज चढला. "अडीच हजार वर्षं झाली, पण अजून जिवंत आहे. दिसतो, लपतो, वाढतो! कशावर वाढतो? तुमच्या श्रद्धेवर!" त्यांनी मणी परत ग्लासात सोडला. तो बुडाला आणि दिसेनासा झाला. ग्लासात पुन्हा नुसतं पाणी.

मी व्यासपीठावरच बसलो होतो, त्यांच्या डाव्या हाताला. टाळ्या मीही वाजवल्या.

मी शाळेत इतिहास शिकवतो. वर्गात तीस मुलं असतात, त्यातली निम्मी जांभया देतात. उरलेली खिडकीबाहेर बघतात. एके दिवशी हे गुरुजी शाळेत आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा आवाज खणखणीत आहे. छापखान्याच्या वरचं सभागृह मी दर रविवारी घेतलंय. पंधरा मिनिटं तुम्ही बुद्ध सांगा, पुढचं मी बघतो."

मी हुरळून गेलो. शाक्यांच्या घरातला जन्म, म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून हललेलं मन, एकोणतिसाव्या वर्षी सोडलेलं घर, सहा वर्षांची उपासमार, मग 'शरीराचे हाल करून काही हाती लागत नाही' हा उमज आणि पिंपळाखालची पहाट, हे सगळं मी अगदी रंगवून सांगायचो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते थांबू शकतं आणि थांबवायची वाट आहे, ही चार सत्यंही सांगायचो. लोक कान टवकारून ऐकत.

गुरुजींची अट एकच होती. "मरणाचं नको हं, मास्तर. ऐंशीव्या वर्षी पोट बिघडलं आणि गेले, हे कशाला सांगायचं? लोक हिरमुसतात. तुम्ही ज्ञानप्राप्तीपाशी थांबा. तिथून मी उचलतो."

मी थांबत गेलो. चारशे माणसं माझ्याकडे बघत होती ना!

माझ्यानंतर गुरुजी प्रत्येकाला मोहरीएवढा एक कोरडा कण आणि 'अभिमंत्रित' पाण्याची रुंद तोंडाची बाटली देत. कण बाटलीत टाकायचा आणि सकाळी चिमटीत धरून, बाहेर काढून बघायचा. पाणी मात्र ओठाला लावायचं नाही. कण फुगला की श्रद्धा पूर्ण, रोग त्यात उतरला. नाही फुगला तर मनात खोट आहे. मग पुढच्या रविवारी तीच बाटली घेऊन पुन्हा या, नवी न्या, दानपेटी जवळच आहे.

त्या चारशेंमध्ये माझी वहिनीही होती. दादा गेला तेव्हा मी बारावीत होतो. वहिनीनं कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करून मला शिकवलं. बोटांना सुया टोचून टोचून तिची टोकं कडक झाली होती. रक्तदाबाची एक पांढरी गोळी ती रोज सकाळी घ्यायची, तीही 'तुम्ही ओरडता म्हणून'.

पहिल्याच बाटलीत तिचा कण टपोरा फुगला. ती बाटली हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"भावजी, गुरुजी म्हणतात, आता गोळीची गरज नाही. तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा, खरं आहे का हे?"

मला खरं माहीत नव्हतं, पण शंका मात्र होती. कण कसा वाढतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर रविवारची ती खुर्ची गेली असती.

"श्रद्धा ठेवायला काय हरकत आहे?" मी म्हणालो आणि पेपर उघडला.

तेवढं एक वाक्य. गोळ्या घेत राहा, असं म्हणायलाही माझी जीभ रेटली नाही. पुढचे पंधरा दिवस ड्रॉवरमधलं ते पाकीट तसंच पडलेलं मी पाहत होतो. रोज बघायचो आणि ड्रॉवर लावून टाकायचो. श्रद्धा टिकली का हे बघायला पुढच्या रविवारी आणलेल्या दुसऱ्या बाटलीतला कण वाढला नाही, तेव्हा वहिनी खिडकीशी बसून राहिली. "माझ्यातच काहीतरी खोट आहे," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या पाळीत, ती मशिनवरून कलंडली. उजवा हात आणि अर्धा चेहरा लुळा पडला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

मी केसपेपर चाळू लागलो. वहिनीनं तिरक्या ओठांनी कसंबसं सांगितलं, "नाही. कण... वाढला होता."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "घरात शिकलेलं कोणी नाही का?"

दर रविवारी मी तोंड वर करून चार सत्यं सांगत होतो. रोग, रोगाचं कारण, बरं होण्याची शक्यता आणि उपचार, एखाद्या वैद्यानं मांडावा तसा बुद्धांनी माणसाच्या दुःखाचा विचार मांडला, हे माझंच आवडतं वाक्य होतं. आणि माझ्या घरातला रोग, कारण, उपाय, सगळं ड्रॉवरमध्ये धूळ खात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशी टेबलावरची फुलदाणी धुवायला घेऊन निघाल्या. काचेची फुलदाणी, त्यात दांडे आणि स्वच्छ पाणी. त्यांनी बेसिनवर चाळणी धरून ती उपडी केली. पाणी गेलं आणि चाळणीत पसाभर मणी उरले. द्राक्षाएवढे, लखलखीत.

मी उडालोच. "मावशी, हे कुठून आले?"

"कुठून म्हणजे? त्यातच होते की. पाण्यात दिसत नाहीत मेले! फुलवाल्याकडे पुडी मिळते. मोहरीएवढे असतात, पाणी पिऊन असे फुगतात." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अहो, बसा जरा. चक्कर येतेय का?"

फुलवाल्याकडून पुडी घेऊन मी थेट शाळेत गेलो. विज्ञानाच्या बाईंनी दोन चंचुपात्रं मांडली. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ कालवलेलं. शाळा सुटेपर्यंत साध्या पाण्यातले कण टपोरे झाले, खाऱ्या पाण्यातले जेमतेम फुगले.

"मीठ असलं की यांना पाणी ओढता येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि फुगलेला मणी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. उजेड त्यातून पाण्यासारखाच पार जातो, म्हणून पाण्यात ठेवला की दिसत नाही. पण मास्तर, हे विचारायला तुम्ही एवढे दिवस का लावलेत? मी शेजारच्याच खोलीत तर असते."

घरी येऊन मी वहिनीच्या दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट!

रविवारी सभागृह तुडुंब होतं. मी माझी पंधरा मिनिटं सुरू केली आणि पिंपळाखाली थांबलो नाही. "बुद्ध म्हातारे झाले," मी म्हणालो. "त्यांची पाठ दुखायची. ऐंशीव्या वर्षी ते आजारी पडले आणि दोन झाडांच्या मध्ये आडवे होऊन गेले. जे जे घडतं ते मोडतं, त्यात मीही आलो, असं ते सांगून गेले. आपण देव आहोत, असं ते कधी म्हणाले नाहीत. ज्यांनी स्वतःचं शरीर चमत्कारानं वाचवलं नाही, त्यांच्या नावाचा कण तुमचा रक्तदाब कसा उतरवेल?"

गुरुजी खाकरले. "मास्तर, वेळ झाली."

"झालीच आहे." मी पिशवीतून ग्लास काढला. "यात काय आहे?"

"पाणी," चारपाच जण चाचरत म्हणाले.

मी बोटं घातली आणि मणी काढला. मग दुसरा, मग तिसरा. पुडी उंच धरली. "फुलवाल्याकडे मिळतात. चिता नाही, श्रद्धा नाही. पाणी पितात आणि फुगतात."

"ते नकली!" गुरुजी उसळून उठले. "बाजारात नकला असतात, म्हणून अस्सल खोटं ठरत नाही! माझे कण श्रद्धा ओळखतात. पापी माणसाच्या हातात वाढतच नाहीत!"

"ते मीठ ओळखतात," मी म्हणालो. "ज्यांचा कण वाढला नाही, त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी जिभेवर ठेवा. फक्त एक थेंब."

कोणी हलेना. मग तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तिला बिलगून सात-आठ वर्षांची किडकिडीत मुलगी उभी होती. बाईनं बाटली उघडली, थेंब चाखला, तोंड वाकडं केलं.

"खारट आहे."

"ते करुणेचे अश्रू आहेत!" गुरुजी ओरडले.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. हसू रांगारांगांतून पसरलं. ती बाई मात्र हसली नाही. "पाच बाटल्या झाल्या," ती म्हणाली. "माझंच मन घाण, म्हणून पोरीचा ताप जात नाही, असं समजून मी रोज रडले. तिला डॉक्टरकडे नेलं नाही. आणि तुम्ही मीठ घालत होतात?"

गुरुजी मागच्या जिन्यानं निघून गेले. दहाबारा जण त्यांच्या मागे धावले, त्यांना पकडायला नव्हे, पाया पडायला. तेही सांगितलं पाहिजे.

चष्म्याचे आजोबा माझ्यासमोर आले. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं, मास्तर?"

"मण्यांचं तीन दिवसांपासून. पण विचारायला हवं होतं पहिल्या दिवसापासून. तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवलात, कारण आधी मी बोलायचो. ती चूक माझी."

त्यांनी आपली बाटली माझ्या हातात ठेवली. मग जिना उतरून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या मुलीला आम्ही त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. तिच्या तापावर औषध होतं. महिनाभरात ती शाळेत जाऊ लागली. वहिनीचा हात मात्र पूर्ण परत आला नाही. ती आता डाव्या हातानं सुई धरायला शिकते आहे. मी एकदा तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "वहिनी, मला माफ कर."

तिनं दोऱ्याचं टोक ओलं केलं. "गोळी मी सोडली. अर्धी चूक माझी," ती हळूहळू म्हणाली. "अर्धी तुमची. तुमच्या अर्ध्याचं मी अजून ठरवलेलं नाही."

मीही घाई केलेली नाही.

रविवारी आता सभागृहात वीसेक माणसं येतात. मी बुद्ध पूर्ण सांगतो, मरणासकट. मोठ्यांनी सांगितलं म्हणून, पूर्वापार चालत आलं म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा, ही त्यांचीच शिकवण. माझंही मानू नका. कण मिठाच्या पाण्यात टाकून बघा. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि तुमच्या घरातलं कोणी तुम्हाला विचारलं की हे खरं आहे का, तर माहीत नसेल तेव्हा 'माहीत नाही, चल, शोधू' एवढं तरी म्हणा.