शनिवार फुटबॉलचा, बर्फ आमचा

मी एक जुनी बर्फ घासणारी गाडी आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको.

मित्रांनो, अमेरिकेच्या उत्तरेला एका विद्यापीठाच्या बर्फाच्या मैदानावर मी काम करते. इथल्या मुली पात्यांचे बूट घालून हॉकी खेळतात. खेळाचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागात बर्फ ओरखडून निघतो. मग मी दारातून बाहेर येते, पोटाखालच्या पात्यानं वरचा थर तासते, मागून गरम पाणी सोडते आणि गुळगुळीत बर्फ मागे ठेवून परत जाते. कारखान्यातून आले तेव्हा मी टोमॅटोसारखी लाल होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पोरं काचेला नाक लावून मला हात करत होती. आता रंग उडाला आहे आणि एक चाक दर थंडीत रुसतं. मला चालवणारी लोर्ना तेवढी अजून माझ्या पात्याला धार लावते. बाई फटकळ आहे, म्हणून आमचं जमतं.

माझा सगळा तिरस्कार मी एका माणसासाठी राखून ठेवला आहे. त्याचं नाव ब्रेंट टिलरी. विद्यापीठाच्या सामन्यांचं वेळापत्रक तो ठरवतो. ठरवतो म्हणजे काय, आधी फुटबॉल मांडतो आणि उरलेल्या फटींत मुलींची हॉकी कोंबतो. शरद ऋतूत ज्या शनिवारी फुटबॉलचा संघ घरच्या मैदानावर खेळतो, त्या दिवशी या गावात दुसऱ्या कशालाही जगायची परवानगी नसते. पहाटेपासून माणसं गाड्यांच्या डिक्या उघडून सॉसेज भाजत बसतात. रस्ते स्टेडियमच्या दिशेनं एकेरी होतात. फुटबॉल बघायला येणाऱ्या, विद्यापीठाच्या देणगीदारांच्या घडीच्या खुर्च्या माझ्या खोलीत, माझ्याच अंगावर रचून ठेवतात. मुलींचा सामना जातो गुरुवारी दुपारी, जेव्हा पोटापाण्याचा उद्योग असलेलं कुणी येऊच शकत नाही. आणि फुटबॉल परगावी असला, की गावात चिटपाखरू नसतं म्हणून मुलींनाही परगावी पाठवतात. याला टिलरी नियोजन म्हणतो.

यात सगळ्यात जास्त भरडली गेली ती ऐली माकी. संघाची कप्तान, शेवटच्या वर्षाला. तिचे बाबा रूडी सरहद्दीजवळ रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवतात. हिमवर्षाव सुरू झाला की वसंतापर्यंत त्यांना गाव सोडता येत नाही. मोकळे असतात ते शरदातले शनिवार, आणि ते तर फुटबॉलनं गिळलेले. चार वर्षांत त्यांनी लेकीला या बर्फावर एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

या वर्षी टिलरीनं मेहेरबानी केली. शरदातल्या शेवटच्या शनिवारी फुटबॉल दुपारी आणि मुली संध्याकाळी. ऐलीनं लगेच बाबांना कळवलं. मग टेलिव्हिजनवाल्यांना वाटलं, फुटबॉल संध्याकाळीच जास्त शोभेल. त्यांनी नुसती भुवई उचलली की टिलरी शेपूट हलवतो. त्यानं मुलींना उचलून सकाळी नऊला टाकलं.

"नऊला प्रेक्षक कुठून आणू? अंथरुणातून ओढून?" लोर्नानं त्याला विचारलं.

"अगं, सामना रद्द नाही केला हे बघ ना! शनिवारच हवा होता ना त्यांना? दिला की शनिवार."

"दिलास रे बाबा. उष्टा का होईना, दिलास!"

रूडींना मात्र पहाटे उठून निघायची सवय होती. मैदानाचं दार उघडायच्या आधीच त्यांची निळी गाडी आवारात उभी होती. हळूहळू इतर पालक आले, काही मैत्रिणी आल्या. पहिला भाग संपला आणि मी बाहेर पडले. रूडींनी वाकून माझ्याकडे पाहिलं.

"पातं झकास लावलंय हो," ते लोर्नाला म्हणाले.

एवढ्या वर्षांत माझ्या पात्याचं कुणी नाव काढलं नव्हतं. त्या फेरीला मी एकही ओरखडा राहू दिला नाही.

दुसऱ्या भागात भोंग्यावरून सूचना झाली. आवारातल्या सगळ्या गाड्या ताबडतोब हलवा, नाहीतर उचलून नेऊ. टिलरीनं तेच आवार दहा वाजल्यापासून देणगीदारांना देऊन टाकलं होतं. नऊला सामना ठेवणारा आणि दहाला आवार रिकामं मागणारा माणूस एकच! 'आलोच' म्हणत पालक आणि मैत्रिणी आपापल्या गाड्यांकडे धावले. पण एव्हाना रस्ते एकेरी झाले होते. जो आवाराबाहेर पडला तो रेट्याबरोबर स्टेडियमपलीकडच्या शेतात जाऊन पोचला. परत कुणीच आलं नाही. माझ्या दारातून मला फक्त रिकामी बाकं दिसत होती, आणि मधोमध रूडी.

टिलरी त्यांच्याजवळ आला. गळ्यात फुटबॉल संघाचा टाय.

"ती निळी गाडी तुमची?"

"हो."

"हलवावी लागेल हो. मोठी माणसं ताटकळलीत बाहेर."

"हलवून परत येता येईल?"

"येईल की. रात्री रस्ते मोकळे होतात."

रूडींनी बर्फावरची नजर काढली नाही. "तीस वर्षं मी लोकांच्या वाटेतला बर्फ बाजूला करत आलोय. आज मीच वाटेत बसतो. न्या उचलून."

"अहो, पण गाडी..."

"जरा सरका. पोरगी दिसत नाहीये मला."

तिसऱ्या भागात ऐलीनं चकती हिसकावली, दोघींना चकवलं आणि जाळ्यात मारली. काठी उंचावून तिनं वर पाहिलं. सगळी बाकं ओस, आणि एकच माणूस उभा राहून टाळ्या पिटत होता. ती तशीच उभी राहिली. लोर्ना म्हणते, तेव्हापासून माझी पाण्याची टाकी गळते. गळू दे.

"बाबा, गाडी कुठंय?" सामन्यानंतर तिनं विचारलं.

"नेली. चालत जाऊ. भूक लागली असेल ना तुला?"

निळ्या गाडीच्या जागी एक देणगीदार सॉसेज भाजत होता. त्यानं हसून एक पुढे केलं. रूडींनी दोन घेतली. "जागा माझीच होती," म्हणाले.

सोमवारी टिलरी लोर्नाला सांगत होता, "बघितलंस? शेवटी प्रेक्षक किती, तर एक! म्हणून तर मुलींना अशा वेळा द्याव्या लागतात."

मित्रांनो, मला लवकरच भंगारात काढणार आहेत. काढू देत. माझी टाकी दुरुस्त करा, माझा रंग जपा, असं मी म्हणणार नाही. फक्त एक करा. कुठे रिकामी बाकं दिसली, तर खेळणारीकडे बघून नाक मुरडू नका. ती बाकं कुणी रिकामी केली, ते आधी विचारा.