गुडघाभर ज्वारी

भाऊजी तीन दिवसांचं शिबिर करून आले ते दीडशहाणे होऊनच. गाईंना गोठ्यात बांधून चारा घालणं म्हणे अडाणीपणा! चाऱ्याचं पीक पेरायचं, गाय थेट त्यात सोडायची. ती आपली आपण चरते, शेणही तिथंच टाकते, माणसानं नुसती कुंपणाची तार सरकवायची. आणि हे ऐकवलं कुणाला, तर सव्वीस वर्षं त्या घराचं शेणमूत काढणाऱ्या वहिनींना! स्वतः भाऊजींना गाईची मागची बाजू कुठली, ते लाथ बसल्यावर कळायचं. वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, दोघांच्या मध्ये पडत नसत. त्यांना दोन वेळचं जेवण सुखानं हवं असे.

ज्वारी पेरली, इथवर ठीक. पण पावसानं तीन आठवडे दडी मारली. ज्वारी गुडघ्याशीच खुंटली, पानांच्या सुरळ्या झाल्या. अशी कोवळी, तहानलेली ज्वारी विषारी असते. वहिनींच्या माहेरी दोन बैल तीच खाऊन बघता बघता आडवे झाले होते.

"भाऊजी, छातीइतकी वाढू द्या, मग सोडा गाई."

"वहिनी, तुमचं ज्ञान जुनं झालं. परवा शिबिराचे साहेब येतायत. चरतानाचे फोटो काढायचेत."

"मग माझा काढा. मी चरते."

भाऊजी हसले नाहीत. मोठ्या माणसांना हसायला वेळ कुठला!

साहेब आले. बूट असे चकचकीत, की चिखलानंही लाजावं. बरोबर कॅमेरावाला आणि माना डोलवायला तिघं. वहिनी मागे दुधाच्या किटल्या घासत होत्या. सहज डोकावल्या, तर काय! त्यांची तांबडी, सात महिन्यांची गाभण, आई मेल्यावर त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, कुंपणाशी उभी होती. हिरवं बघून तिनं मान लांबवली होती आणि भाऊजी तार उचलत होते.

किटली टाकून वहिनी अनवाणी धावल्या आणि त्यांनी दावं धरलं.

"अहो वहिनी, पाहुण्यांसमोर काय हे!"

"असू द्या," साहेब समजूतदारपणे म्हणाले. "बायकांना नव्याची भीती वाटतेच."

नव्याची भीती म्हणे! वहिनी तांबडीचं तोंड उघडून आत एकही पान गेलं नाही ना हे बघत होत्या, ते काय नव्याला भिऊन?

त्यांनी तांबडीला गोठ्यात नेलं. तिथं, पार कोपऱ्यात, भाऊजींची काळी गाय बांधलेली होती. गेल्याच महिन्यात त्यांनी हौसेनं आणलेली. दाव्याला दुहेरी गाठ, पुढ्यात वाळका कडबा. बाकीच्या सगळ्या गाई बाहेर काढल्या होत्या, ही एवढी आत. म्हणजे भाऊजींनी त्यांचं बोलणं ऐकलं होतं. अगदी शब्दन् शब्द.

त्यांनी काळीला सोडलं, दावं मुठीत आखूड धरलं आणि तिला कुंपणाशी आणून उभं केलं.

"घ्या, काढा फोटो. उचला तार, भाऊजी."

भाऊजी चवताळून पुढे आले आणि काळीच्या गळ्यालाच लटकले.

"वहिनी, नको! मरेल ती!"

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मान डोलवणारे थांबले. साहेब आपल्या बुटांकडे बघू लागले.

"आणि माझी?" वहिनींनी विचारलं.