दगडाबाईंचा आवाज

फोनवरून लुबाडणाऱ्यांवर क्रांतीचा राग होता आणि तो उसना नव्हता. विट्यातल्या तिच्या शेजारणीला एका तोतया साहेबाने अडीच तास फोनवर धरून नागवलं, तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत बसून तिने आणि तिचा भागीदार पृथ्वीराज याने 'राखणदार' नावाचं ॲप उभं केलं.

अनोळखी नंबरचा फोन आला की तो आधी राखणदार उचलायचा आणि म्हातारीच्या आवाजात म्हणायचा, 'व्हय बाळा, बोल.' चोराला वाटायचं, सावज गावलं. त्याच्या बोलण्यात घाई, गुपित किंवा सोनंनाणं आलं की राखणदार 'व्हय, व्हय' करत त्याला बोलतं ठेवायचा, आणि तो नंबर पुन्हा कधी घरापर्यंत पोचू द्यायचा नाही. घरातला फोन वाजायचाही नाही. निदान घरच्यांना कळवावं तरी, असं पृथ्वीराज म्हणाला होता. पण घाबरलेल्या माणसाला विचारून उपयोग काय, तो सगळ्यालाच व्हय म्हणतो, हा क्रांतीचा हेका. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तिला कोण सांगणार?

म्हातारीचा आवाज तिच्या आईचाच होता. दगडाबाईंनी तीन दुपारी माईकपुढे बसून, लाजत लाजत वाक्यं म्हटली होती. राखणदार पहिल्यांदा बसवला तोही त्यांच्याच फोनवर.

क्रांतीचा धाकटा भाऊ शंभूराज तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवायचा. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, हा विट्याकडच्या कितीतरी घरांचा धंदा. अशा घरात फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: कुणाला सांगू नगंस. सोनं जवळ बाळगणाऱ्याने दुसरं काय म्हणावं? हे वाक्य ऐकतच क्रांती लहानाची मोठी झाली होती. पण गोळा केलेल्या चोरांच्या फोनांतही तेच वाक्य सापडलं, आणि तिने ते चोराची पक्की खूण म्हणून यंत्राला शिकवून टाकलं.

सोमवारपासून शंभूराजचा फोन बंद होता. दगडाबाई सारख्या विचारत होत्या. माल घेऊन निघाला असेल, तेव्हा फोन बंदच ठेवतात, असं सांगून क्रांतीने त्यांची समजूत घातली. खरं तर तिला काळजी गुरुवारची होती. गुरुवारी साताऱ्यात एका पतसंस्थेच्या संचालकांपुढे राखणदार दाखवायचा होता.

संचालकांत लालासाहेब नावाचे निवृत्त सुभेदार होते. त्यांना नाटक नको, खरा चोर ऐकायचा होता. पृथ्वीराजने राखणदाराने अडवलेल्या फोनांची ताजी यादी उघडली. घराचं नाव आणि फोन करणाऱ्याचा नंबर झाकलेले, पण तीन फोन एकाच नंबरचे. त्याने पहिल्याचं रेकॉर्डिंग लावलं.

'आये, मी बोलतोय. दुसऱ्याच्या फोनवरनं. कुणाला सांगू नगंस.'

'व्हय बाळा, बोल.'

सगळे हसले. क्रांतीने मात्र चमकून पृथ्वीराजकडे पाहिलं, कारण आवाज शंभूराजचा होता. मग तिने स्वतःला सावरलं. चोर हल्ली आवाजाचीही नक्कल करतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? उलट तिने संचालकांना सांगूनही टाकलं की ही माझ्या भावाची नक्कल आहे, बघा किती हुबेहूब. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आवाज पुढे सांगत होता. दुकानातला नोकर फितूर झालाय, त्याला आपल्या घरचं सगळं माहीत आहे. माणसं मागावर आहेत, माझा फोन हिसकावून नेला. गिऱ्हाइकांचं सोनं घेऊन मी स्टँडमागच्या लॉजवर लपलोय. पाठ असलेला नंबर एकच, आईचा. शेजारच्या शहरात अर्जुनामामांचं दुकान आहे, त्यांना सांगून माणसं पाठव. यंत्र प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होतं. दुसऱ्या फोनवरही त्याने तेच सांगितलं, फक्त रडत. तिसरा फोन काल संध्याकाळचा होता.

'आये, मामाची माणसं येत्यात न्हवं?'

'व्हय बाळा.'

'बरं. मग मी हितंच थांबतो.'

फोन संपला. लालासाहेब वाट पाहत राहिले, मग म्हणाले, "पोरी, ह्यो पैसं कवा मागणार?"

तिन्ही फोनांत पैसे मागितलेच नव्हते, हे क्रांतीच्या आत्ता ध्यानात आलं. तिने तिथूनच अर्जुनामामांना फोन लावला. त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं, कुणाला पाठवायचा तर प्रश्नच नव्हता. पृथ्वीराजने झाकलेला नंबर उघडून दिला. तिने तो लावला, तेव्हा लॉजच्या मॅनेजरने उचलला.

त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं, तो पाहुणा सकाळीच गेला. चार माणसं न्यायला आली होती. आधी तो दार उघडतच नव्हता. मामांनी पाठवलंय म्हटल्यावर त्याने लगेच उघडलं.