सहा दिवसांचं काम

लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत ती नियोजनाच्या टेबलावर आली आणि पहिल्याच महिन्यात तिला मिस्त्रीचा संशय आला. कोणत्या कामाला किती दिवस लागतील ते कामगारांना विचारायचं, लिहून घ्यायचं आणि त्यावरून गिऱ्हाइकाला तारीख द्यायची, हे तिचं काम. त्यात ती जात्याच शंकेखोर. सासू म्हणायची, "हिला कुणी वेळ सांगितली तर ही घड्याळ बघते, आणि मग घड्याळावरच संशय घेते."

मिस्त्री तीस वर्षं याच कामात मुरलेला माणूस. लिफ्ट ज्यांच्या आधारानं वरखाली होते ते लोखंडी रूळ भिंतीला बोल्टांनी पक्के करायचे, हे काम त्याचं आणि त्याच्या मेहुण्याचं. पाच मजल्यांसाठी तो सांगायचा सहा दिवस, आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी काम हातावेगळं. एवढा नेम कुणाचा लागतो? तिनं जुन्या वह्या काढल्या. दोन वर्षांपूर्वी हीच जोडी हेच काम चार दिवसांत करत होती.

"मिस्त्री, हे दोन दिवस कुठून वाढले?"

"वय झालं हो मॅडम," उत्तर मेहुण्यानं दिलं. "भावोजी आता जिनासुद्धा मोजून चढतात."

मिस्त्री हसला नाही. "सहा लिहा," एवढंच म्हणाला.

विचारलं एकाला आणि बोलला दुसराच, म्हणजे पाणी नक्की कुठंतरी मुरतंय. साहेबांनाही तेच वाटलं. "दोन दिवस बाहेरची कामं उरकत असतील. तू चार दे, बघ कसे सुतासारखे सरळ होतात."

पुढच्या इमारतीला तिनं चार लिहिले. मिस्त्रीनं तो कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला. "चार दिवसांत होईल," तो म्हणाला. "पण एकदाच होईल."

तिला तो टोमणा वाटला. काम चार दिवसांत झालं. तपासनीस येऊन पास करून गेला, साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली. चोरी पकडली, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

त्यामुळं नंतरच्या वाचनालयाच्या कामाला मिस्त्रीनं पुन्हा सहा मागितले तेव्हा तिनं मुद्दामच मान डोलावली. रंगेहाथ पकडायचं होतं. पाचव्या दिवशी दुपारी ती न कळवता तिथं गेली.

"दोघं वरच आहेत," वॉचमन म्हणाला. तिची जरा निराशाच झाली.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार अजून बसलं नव्हतं, नुसती फळी आडवी लावली होती. तिनं बाजूनं डोकावून पाहिलं. रूळ बसले होते. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ होती. म्हणजे काम संपलेलं. आणि मिस्त्री परांचीवर उभा होता, कमरेला पट्टा, डोळे घट्ट मिटलेले. एकेका बोल्टवरून बोटं फिरवत, पाना लावून जोर देत होता. खाली मेहुणा कागद घेऊन बसला होता.

"बेचाळीस?"

"घट्ट."

"त्रेचाळीस?"

"थांब. हा फिरतोय."

"मिस्त्री!" तिनं हाक मारली.

मेहुणा ताडकन उठला. "मॅडम, ते आम्ही जरा..."

"राहू दे रे," मिस्त्री म्हणाला. तो सावकाश खाली उतरला, हात पुसले. "डावा डोळा दीड वर्षापासून धुरकट झालाय. उजव्यानं एकाचे दोन दिसतात. पाना तिरका बसला तरी मला सरळ वाटतो. म्हणून चार दिवस काम करतो आणि दोन दिवस त्याच कामावर संशय घेतो. डोळे उघडे ठेवले तर फसतो, म्हणून मिटतो."

"सांगितलं का नाही?"

"आंधळ्या मिस्त्रीला कोण ठेवतं? आणि तुम्ही विचारलंत, दिवस कुठून वाढले. कशासाठी लागतात ते कुठं विचारलंत?"

"मग ते चार दिवसांचं काम?"

मेहुण्यानं मान खाली घातली. "तिथं एकदाच झालं," मिस्त्री म्हणाला.

तिनं तिथूनच त्या इमारतीच्या व्यवस्थापकाला फोन लावला. "लिफ्ट बंद करा. आत कुणी असेल तर आधी बाहेर काढा. जबाबदारी माझी."

मग साहेबांना. ते उखडलेच. "पास झालेली लिफ्ट नुसत्या संशयावर बंद? तपासनीस काय मूर्ख आहे?"

"त्यानं रेघा पाहिल्या, साहेब. बोल्ट फिरवून पाहिले नाहीत."

त्या इमारतीत दुसरा फिटर बोलावला. तो वरून एकेक बोल्ट तपासत खाली येत होता आणि ती जिन्यात उभी होती. चौथ्या मजल्यावरच्या आजी दोन पिशव्या घेऊन धापा टाकत वर आल्या. "अगं, किती वेळ लागेल?"

"माहीत नाही, आजी," ती म्हणाली. या नोकरीत असं उत्तर तिनं प्रथमच दिलं होतं. तिनं पिशव्या उचलल्या आणि त्यांच्या दारापर्यंत नेऊन ठेवल्या.

सात बोल्ट ढिले निघाले. त्यातले दोन शेजारशेजारचे, बोटानं फिरणारे. "आज काही झालं नसतं," फिटर म्हणाला. "पण सहा महिन्यांनी मी यात पाय ठेवला नसता."

अहवालात साहेबांना फक्त मिस्त्रीचं नाव हवं होतं. सहाचे चार मी केले, हे वाक्य तिनं खोडू दिलं नाही. तिला ताकीद मिळाली. मिस्त्रीला साइटवरून काढलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तो कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीला बसला. तिच्याशी कामापुरतं बोलायचा. त्याचा तिच्यावर विश्वास बसला असं काही म्हणता येणार नाही.

ती मात्र प्रत्येक दिवस कशासाठी ते विचारू लागली. कामगारांना वाटलं, बाईचा हा नवा डाव. महिनाभर सगळे गुळमुळीत उत्तरं देत राहिले. मग एकदा मेहुणा आला. त्याला नवीन जोडीदार मिळाला होता. त्यानं पाच दिवस मागितले.

"कशासाठी?"

"तीन कामाचे. एक सामान कधीच वेळेवर येत नाही म्हणून." तो घुटमळला, मागं वळून दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आणि एक, मॅडम, त्या नव्या गड्यावर माझा अजून भरवसा नाही."

तिनं पाचही दिवस लिहिले.