खटक्याचा चाकू

या, असे भिंतीला टेकून लांब बसू नका. पुढे सरका. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला कीर्तन अर्धंच येतं आणि प्रसाद तर त्याहून कमी. आज एक गोष्ट ऐकवायची आहे. तिच्यात देव आहे, मृदंग आहे, गोड गळ्याचे महाराज आहेत. पण गोष्ट आहे ती एका चाकूची. साध्या, खिशात मावणाऱ्या, घडीच्या चाकूची. हसायचं तर आत्ता हसून घ्या.

पनवेलजवळ, नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात आनंदा राहतो. दिवसा न्हावा शेवा बंदराच्या बाजूच्या एका यार्डात कंटेनर रिकामे करायचं काम. संध्याकाळी मारुतीच्या देवळात मृदंग. यार्डात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे, आणि गावात त्याच्या नावाशिवाय कीर्तन उभं राहत नसे. मृदंगाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे कातड्यावर, कणीक लावून तो पहिली थाप टाकायचा, तेव्हा दाराशी गप्पा मारणारी माणसं आपोआप गप्प होत. आणि उजव्या हाताची बोटं उजव्या पुडीच्या काळ्या शाईवर अशी पडत, की म्हातारी माणसं म्हणत, "पोरा, तुझ्या बोटांत पाऊल हाय देवाचं."

यार्डात मात्र त्या बोटांना एकच काम होतं. खोक्यांभोवती आवळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापायच्या, दोर कापायचे. कंपनीच्या कायम माणसांना कटर मिळे. आनंदासारख्या ठेकेदाराच्या माणसांनी आपापलं हत्यार आणायचं, असा रिवाज. कोयता गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. म्हणून घडीचा चाकू. आनंदाचा जुना चाकू घासून घासून पार झिजला होता. पातं करंगळीसारखं बारीक झालेलं.

"आता नवीन घे," मालू म्हणाली. मालू म्हणजे त्याची बायको. "त्यानं कापतंस का खाजवतंस, तेच कलत नाय."

शनिवारी पगार झाला. दोघं पनवेलच्या बाजारात भावेशच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. भावेशनं काउंटरवर तीन चाकू मांडले. एक म्यानातली सुरी, ती वॉचमन अडवणार म्हणून बाजूला गेली. दुसरा रंगीत मुठीचा, चकचकीत, स्वस्त. तिसरा काळ्या मुठीचा, दिसायला ओबडधोबड, आणि किंमत ऐकून मालूनं पदर तोंडाला लावावा असा.

"आवरं काय हाय त्यात? सोन्याचं पातं हाय?"

"पातं नाही वहिनी, खटका आहे." भावेशनं तो चाकू उघडला. टक् असा आवाज झाला. "उघडलं की खटका बसतो. मग दाबल्याशिवाय मिटत नाही, कितीही जोर लावा. रोज हातात धरायचा चाकू असेल तर धार बघू नका, खटका बघा. धार काय, दगडावर घासली की येते."

आनंदानं चाकू हातात घेतला. उघडला, मिटला. पुन्हा उघडला. कानाशी नेला. मृदंग लावताना तो जसा मान कलती करून ऐकायचा, तसाच.

"मना बघाया आलास तवा आवरा येल नाय लावलास," मालू म्हणाली.

"तवा निवडाया दुसरी नव्हती."

भावेश हसला. मालूनं नवऱ्याला कोपर मारलं. मग भावेशनं भाव पुन्हा सांगितला. त्या एका चाकूत घरातलं किती आणि काय काय बसत होतं, ते मालूला पाठ होतं. शेवटी तीच म्हणाली, "घे. या महिन्यान मासली कमी खाव. बोटा तरी शाबूत रातील. तीच तर हायेत आपल्याकडं."

आनंदानं खिशात हात घातला, आणि थांबला.

"आज शनिवार हाय."

"मग?"

"शनिवारी लोखंड घरी नेत नाय."

"माझं दुकान काय शनिवारी बंद असतं आनंदाभाऊ?" भावेश म्हणाला. "मी काय शनिवारी कापूस विकतो?"

"तुमचं तुमाला. आमच्या आज्यानं कवा शनिवारी खिला पन नाय आनला. उद्या येतो. बाजूला ठेवा."

भावेशनं काळ्या मुठीचा चाकू कागदात गुंडाळून गल्ल्यामागच्या फळीवर ठेवला. आनंदानं चाकूच्या पैशांची वेगळी घडी केली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली. एक रात्र. तेवढीच काय ती मधे होती.

आणि त्या दिवशी होती एकादशी.

देवळात सत्यजीत महाराजांचं कीर्तन होतं. महाराज तरुण, पनवेलच्या खांदा कॉलनीत राहणारे, पण गळा असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. खोटं कशाला बोला, त्या रात्रीही तो आला. महाराजांनी सुदाम्याचे पोहे सांगितले. मुठीत लपवलेले, लाजेनं काखेत दाबलेले ते पोहे देवानं कसे हिसकावून घेतले, ते सांगताना महाराजांचा आवाज भिजला, आणि आनंदाच्या बोटांनीही तो भिजलेपणा उचलला. बायकांच्या बाजूला मालू डोळे पुसत होती. मागून समितीचे दीपेशशेठ माइक घेऊन पुढे आले.

दीपेशशेठ गावातलेच. जमीन प्रकल्पात गेली, पैसा आला, ट्रक आले, आणि मग देवळाच्या समितीचं अध्यक्षपदही आपोआप आलं. माणूस वाईट नाही. फक्त माइक हातात आला की त्यांना आपलाच आवाज फार आवडतो.

"या साली सप्ता मोठा करायचा! मांडव मोठा, साउंड मोठा! बोला, कोन काय देतो?"

ताट फिरलं. एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं, आणि प्रत्येक नावामागे जयजयकार. ताट फिरत फिरत मृदंगापाशी आलं. दीपेशशेठ माइकमधूनच म्हणाले, "आनि आमचा मुरदुंगवाला? सगल्यांत देवाच्या जवल तो बसतो. तो मागं रानार? आनंदा, काढ रं मुठीतलं पोहं!"

सगळा मंडप हसला. महाराजही हसले, प्रेमानंच हसले. आनंदाचे दोन्ही हात मृदंगावर होते. त्यानं उजवा हात उचलला, वरच्या खिशातली घडी काढली आणि ताटात ठेवली. उलगडलीसुद्धा नाही. दीपेशशेठनी उलगडली, आणि आकडा मोठ्यानं सांगितला. टाळ कडाडले. मालूनं डोळे पुसायचे थांबवले होते.

घरी जाताना ती बोलली, "त्यो चाकूचा पैसा व्हता."

"देवाचं काम आधी, मालू."

"देवाला मांडव कशाला? त्याला देऊल हाय ना."

"आता दिलं ते दिलं. चाकू काय, कसापन कापतो."

रविवारी तो एकटाच दुकानात गेला. भावेशनं फळीवरची पुडी काढली. आनंदानं मान हलवली आणि रंगीत मुठीच्या चाकूकडे बोट दाखवलं.

"हा पेरू कापायचा आहे, आनंदाभाऊ. याला खटका नाही."

"जपून वापरीन."

"अहो, हा घेऊन जा. पैसे पुढच्या महिन्यात द्या. मी कुठे पळून चाललोय?"

"धारेची वस्तू उधार नेऊ नये, भावेशभाय. उधारीचं लोखंड धन्याकडं ओढ घेतं." आनंदा असं म्हणाला, स्वस्त चाकूचे पैसे ठेवले आणि निघाला. शनिवार पाळला, एकादशी पाळली, उधारीचा नेमही पाळला. काही म्हणजे काही चुकवलं नाही माणसानं.

बोट गेलं ते त्याच आठवड्यात, भर दुपारी. मोठ्या खोक्यावरची जाड पट्टी होती. पातं अर्ध्यात अडकलं. रोजची सवय, आनंदानं मनगट वळवून मागे ओढलं, आणि पातं मिटलं. मिटलं ते उजव्या तर्जनीवर. आनंदा बोटाकडे बघत उभा राहिला, दुसऱ्या कुणाचं असावं तसा.

डॉक्टरांनी टाके घातले. म्हणाले, बोट राहील, पण आतली शीर पुरती तुटलीय; आता वाकणार नाही. ठेकेदार दारातूनच बोलला, "हत्यार तुझं, हात तुझा. मी काय करू?" नंतर त्यानं आनंदाला कापलेल्या पट्ट्या गोळा करायला ठेवलं, पगार कमी करून. तेही उपकार म्हणून.

बातमी गावभर झाली. सत्यजीत महाराज स्वतः घरी आले. केळ्यांचा घड आणला, आनंदाचा हात हातात घेतला. मालूनं चहा केला आणि सगळं सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही. शनिवार, ताट, माइक, खटका नसलेला चाकू. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. मालू आजही म्हणते, ते खोटं नव्हतं. महाराज म्हणाले, "माउली, ही गोष्ट मी विसरणार नाही."

टाके निघाल्यावर आनंदा भावेशच्या दुकानात गेला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भावेशनं फळीवरची पुडी सोडली. धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, म्हणून काउंटरवर ठेवली.

"घेऊन जा. एक रुपया ठेवा, म्हणजे उधार नाही आणि फुकटही नाही."

आनंदानं चाकू उघडला. टक्. मग मिटायला गेला. खटका दाबायचा तो अंगठ्यानं आणि तर्जनीनं धरून. अंगठा दाबत होता. तर्जनी काठीसारखी सरळ, बाजूला उभी. दोनदा प्रयत्न केला. भावेश मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला. शेवटी आनंदानं उघडा चाकू तसाच काउंटरवर ठेवला. "कुनाला तरी द्या," म्हणाला. "चांगला हाय."

मग सप्ताह आला. मांडव खरंच मोठा होता. कमानीवर दीपेशशेठचा हात जोडलेला फोटो मारुतीपेक्षा मोठा. मृदंगाला आळंदीत शिकलेला एक वादक मानधन देऊन आणला होता, वाजवायचा स्वच्छ. आनंदा मांडवाच्या तोंडाशी घुटमळला, तेव्हा दीपेशशेठनी खांद्यावर हात टाकला.

"अरे, वाईट नको वाटून घेऊ. तू टाल घे. टालाला कुठं बोट लागतं!"

त्यानं टाळ घेतले.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. सत्यजीत महाराज रंगात आले होते. रंगता रंगता थांबले, उपरणं सावरलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाबांनो, जुन्या काळची नाही, याच मातीतली गोष्ट. एक भक्त होता. बोटांत साक्षात नाद. देवानं त्याची परीक्षा पाहिली. म्हणाला, मला काय देतोस? भक्त म्हणाला, जे माझ्याकडं सगळ्यांत मोलाचं ते. आणि माउली, त्यानं स्वतःच्या हातानं चाकू घेतला, हसत हसत बोट देवाला वाहिलं!"

आणि चाल लावली. काय चाल लावली! सबंध मांडव हेलावला. बायका रडल्या, पुरुष उठून नाचले. दीपेशशेठनी डोळ्यांवरचा गॉगल काढून डोळे पुसले. टाळकऱ्यांच्या रांगेत एक माणूस ताल चुकू न देता उभा होता. उजव्या हाताचं एक बोट टाळाच्या दोरीत गुंतत नव्हतं, एवढंच.

मालू उठली. माणसांच्या मधून वाट काढत बाहेर गेली आणि काल्याचा प्रसाद न घेता घरी गेली. आनंदा घरी आला तेव्हा ती चुलीपाशी पाठ करून बसली होती.

"त्यात ताट नव्हतं," ती म्हणाली. "माइक नव्हता. शनिवार पन नव्हता. खटका कुठं गेला रं त्या गोष्टीतला?"

आनंदानं सदरा काढून खुंटीला लावला. मग म्हणाला, "चाल चांगली लावली व्हती."

तेवढंच. आणि हे त्यानं टोचून म्हटलं नव्हतं, हेच मालूला सोसलं नाही. ती मग मोठ्यानं रडली. अंगणाच्या पलीकडे मांडवातला साउंड चालूच होता, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

ती गोष्ट आता गावोगाव सांगितली जाते. मोबाइलवरही फिरते, तुमच्याकडेही आली असेल. ऐकून तुमचेही डोळे भरले असतील. भरू देत, गळा खरंच गोड आहे, आणि देवाचं नाव कुणाच्याही तोंडून आलं तरी देवाचंच. पण त्या गोष्टीत त्या भक्ताला नाव नाही. म्हणून आता उठण्याआधी एवढं एक करा. पुढे कधी कीर्तनाला बसाल आणि मृदंगावर पहिली थाप पडेल, तेव्हा मनात एक नाव घ्या. आनंदा. त्यानं बोट वाहिलं नव्हतं. तो चाकू आणायला निघाला होता, खटक्याचा. त्याची तेवढी आठवण ठेवा.