सातवा मजला आणि मंतरलेलं पाणी

दादाच्या दारात चपलांचा खच पडला होता. आत दादा तापाने फणफणलेला, डोळे छताला लावलेले आणि तोंडात एकच घोष: "सातवा... चौथा... सरका, दार लागतंय."

"सातव्या स्वर्गातून बोलतोय हा!" उशाशी बसलेले महाराज गरजले. "अंगात शक्ती संचारलीय. विचारा काय विचारायचं ते!"

एका बाईने मुलीच्या लग्नाचं विचारलं. दादा पुटपुटला, "चौथा." चार महिन्यांत जमणार, महाराजांनी ठोकून दिलं. बाई रडत पाया पडली.

माझं डोकंच फिरलं. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तीन दिवस बाहेरगावी काय गेले, इकडे हा तमाशा!

"अहो, माझा भाऊ वीस वर्षं लिफ्ट चालवतोय," मी ओरडले. "मजले पुकारतोय तो! रक्ताचा जुना कॅन्सर आहे त्याला, साध्या तापाशी झुंजायचीही ताकद नाही अंगात. हा ताप मेंदूत गेला असणार. वहिनी, दवाखान्यात का नाही नेलंत?"

"काल झटके आले होते, वन्सं. महाराजांनी मंतरलेलं पाणी पाजलं आणि लगेच शांत झोपले. तुमच्या डॉक्टरला जमलं असतं?"

उशाशी त्या पाण्याची बाटली होती, तिच्या तळाशी पांढरा गाळ होता. जिभेला लावून पाहिला, कडूजहर. मी पेला भरून महाराजांपुढे धरला.

"घ्या, तुम्हीच प्या."

"आमचा... आज उपास आहे."

"पाण्याचा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांची बोबडी वळली. तेवढ्यात शेजाऱ्यांना हाताशी धरून मी दादाला उचलून गाडीत घातलं, बाटलीही सोबत घेतली.

दवाखान्यात तपासणी केली, तर बाटलीत झोपेच्या गोळ्यांची पूड निघाली. दादाच्या रक्तातही तेच औषध. "गोळ्यांनी माणूस निपचित पडला," डॉक्टर म्हणाले, "आजार कुठे थांबला? मेंदूची सूज वाढतच राहिली. पहिल्या दिवशी आणलं असतं तर औषधाला वाव होता."

"आणि आता?"

त्यांनी वहिनींनाही आत बोलवायला सांगितलं.

दादा दोन दिवसांनी गेला. शेवटी मला ओळखलंसुद्धा नाही त्याने. वहिनी अजून म्हणतात, पाणी चालू ठेवलं असतं तर वाचले असते. महाराजांनी पलीकडच्या गल्लीत बस्तान मांडलंय, तिथेही रीघ आहे. पोलिसांत तक्रार दिलीय, पण खरं सांगू, मला फारशी आशा नाही.

तरी घसा फोडून सांगते. तापातला माणूस बरळायला लागला तर त्याला भविष्य विचारत बसू नका. उचला आणि दवाखाना गाठा. माझ्या भावाच्या हातात तीन दिवस होते, आणि ते आपण त्याच्यापुढे हात जोडण्यात घालवले.