न ऐकलेला शब्द

एक शिंक.

कैदखान्यातला एक माणूस, ज्याचं नाव घ्यायला निशापुरात मनाई आहे.

कांदे विकणाऱ्याचा गळा.

वहीतली एका शब्दाएवढी कोरी जागा.

"शिंकलात तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी, आणि डोक्याला ताप मला आज!" अमीराचा कारकून फर्रुखजाद मुहल्लबच्या ओट्यावर बसून करवादत होता.

मुहल्लबचा जन्म गावोगाव पायी फिरून पैगंबरांची वचनं गोळा करण्यात गेला होता. आधी कोणी कोणाकडून ऐकलं त्या नावांची साखळी, मग वचन. बसऱ्यात गुरू सांगत असताना नेमकी त्याला शिंक आली आणि एक शब्द हुकला. शेजारच्या उतबा बिन निझारनं तो सांगितला. मुहल्लबनं जागा कोरी ठेवली, शब्द समासात लिहिला, शेजारी उतबाचं नाव. ते वचन सांगताना तो दर वेळी हे नाव घेई. आता उतबा अमीराच्या कैदेत होता.

"उद्या 'सगळं गुरूंकडून ऐकलं' म्हणा. झालं! नाव घेतलंत तर मशिदीतली बैठक बंद, वह्या जप्त."

"पण मी ऐकलं नाही."

"शब्द तर तोच आहे ना?"

"शब्द तोच. कान माझे नव्हते."

फर्रुखजाद पाय आपटत गेला. आतून रैता, मुहल्लबची बायको, बाहेर आली. "दात उरलेत चार, आणि हट्ट बत्तीस! अहो, एवढ्याशा शब्दासाठी चाळीस वर्षांची मेहनत घालवणार?"

"एकदा न ऐकलेलं ऐकलं म्हणालो, तर बाकीचं ऐकलेलं कोण खरं मानेल गं? तू मानशील?"

रैता आत जायला वळली. मग म्हणाली, "जाडा अंगरखा घाला उद्या. कुठं नेऊन बसवतील, सांगता येत नाही."

मशिदीत तीनशे माणसं कलमं सरसावून बसली होती. दाराशी फर्रुखजाद, चार शिपाई घेऊन. मुहल्लबचा आवाज म्हातारा. तो सांगे ते मागच्या रांगांसाठी शाहक मोठ्यानं पुन्हा म्हणे. शाहक कांदे विकायचा, त्याचा गळा वेशीबाहेर ऐकू जाई.

साखळीतलं एकेक नाव गेलं. वचन सुरू झालं. मुहल्लब थांबला.

"हा शब्द मी ऐकला नाही. तो मला उतबा बिन निझारनं सांगितला."

शाहकनं दाराकडे पाहिलं. त्याचा गळाच बसला.

"म्हण की रे!"

"शेख, माझी पोरंबाळं आहेत," शाहक पुटपुटला.

"बरं. बस तू."

मुहल्लब खांबाला धरून उठला. पहिल्या रांगेपाशी गेला, वाकला. "उतबा बिन निझारनं." दुसऱ्या रांगेपाशी. "उतबा बिन निझारनं. लिहिलंत?" कलमं कुरकुरली. तिसरी. चौथी.

"अहो, पुरे!" फर्रुखजाद ओरडला.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही अजून," मुहल्लब म्हणाला आणि पुढच्या रांगेकडे वळला.

शिपायांनी मुहल्लबच्या वह्यांची पोती उचलली तेव्हा तो अकराव्या रांगेत होता. पुढच्या रांगा मग मागे वळून मागच्या रांगांना नाव सांगू लागल्या.

दोघं बसऱ्याहून निघाले त्या दिवशी उतबानं मुहल्लबला भर बाजारात लबाड म्हटलं होतं. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी कधीही बोलले नव्हते.